बोटभर फट

१

हिवाळा डोंगराखाली उतरला की ओकसिम घराशी भांडायला बसायची. भांडायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

चाळ खाणकामगारांची. तेबेकच्या डोंगरात कोळसा होता तोवर सकाळी घराघरातून धूर निघायचा आणि संध्याकाळी शिव्या. मग खाणी बंद पडल्या. माणसं पोटामागं शहरात गेली. ओकसिमचा नवरा छातीत कोळशाची धूळ घेऊन डोंगरावरच्या थडग्यात जाऊन निजला. आता तिच्या डाव्या हाताचं घर रिकामं आणि उजव्या हाताचंही रिकामं. शेजार गेला की बोलणंचालणं जातं, एवढंच लोकांना वाटतं. भिंतीसुद्धा गार पडतात, हे तिथं राहणाऱ्यालाच कळतं. पलीकडं कुणी नांदत असलं की त्याची अर्धी ऊब आपल्याला फुकट मिळते. पलीकडं कुणी नसलं की आपली ऊब त्या रिकाम्या घरांना पाजत बसावी लागते.

म्हणून ती भोकं बुजवायची. खिडकीच्या काचेवर पाणी मारून त्यावर फुग्याफुग्यांचं प्लास्टिक चिकटवायची, काचेची भांडी गुंडाळतात ते. दाराच्या कडेनं फोमची पट्टी, पट्टीच्या वर जुनी गोधडी, गोधडीच्या खाली वाळूची पिशवी. "सुईच्या भोकातून बैलाएवढा वारा शिरतो," असं तिची सासू म्हणायची. सासूचं आयुष्यभरात ओकसिमनं तेवढं एकच ऐकलं.

यंदा त्यात तंबूची भर पडली. लेकीनं, सोल्हीनं, सुवन शहरातून पाठवला होता. घरातल्या घरात, फरशीवर, अंथरुणाभोवती उभा करायचा कापडी तंबू. आत माणसाच्या श्वासानंच ऊब धरते म्हणे.

"घरात तंबू?" ओकसिमनं फोनवर विचारलं. तिला फोन कानाला लावायची सवय नव्हती. कपाटावर उभा करून ठेवायचा, आवाज मोठा करायचा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचं. "मी काय डोंगर चढायला निघालेय?"

"आई, विजेची चटई गेल्या वर्षी तू जाळलीस. आता ती नाही मिळणार. तंबूत झोप. झिप वरपर्यंत ओढ, बोटभरसुद्धा फट ठेवू नकोस."

"बरं."

"आणि ठरलंय ते लक्षात आहे ना? या हिवाळ्यात नळ फुटला, नाहीतर तू आजारी पडलीस, तर घराला कुलूप. मी येऊन घेऊन जाणार. इथं चांगला वृद्धाश्रम बघून ठेवलाय, सगळीकडं तापती फरशी आहे."

"आणि नळ नाही फुटला तर?"

"तर पुन्हा नाव काढणार नाही."

"लिहून दे."

"आई."

"बरं, नको देऊस लिहून. पण तोंडातून गेलंय तुझ्या. जावयाला विचार, त्यानं ऐकलंय. मागं खोकतोय तो."

जावई खरंच मागं खोकला, आणि फोन बंद झाला.

ओकसिमला हे घर सोडायचं नव्हतं. का, ते तिला कुणी विचारलं असतं तर तिनं शिवी दिली असती. पण नव्हतं सोडायचं, एवढं खरं.

२

भिंतीवर बॉयलरच्या बटणांचं डबडं होतं. त्यावर दोन दिवे. एकावर लिहिलं होतं 'घरात', दुसऱ्यावर 'बाहेर'. 'घरात' दाबलं की मागच्या शेडमधला बॉयलर घुरघुरत उठायचा, रॉकेल ढोसायचा आणि फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी फिरवायचा. 'बाहेर' दाबलं की तो झोपी जायचा. नळ गोठू नयेत एवढीच धुगधुगी ठेवायचा.

माणसं बाहेर जाताना 'बाहेर' दाबतात आणि परत आली की 'घरात'. ओकसिमनं काय केलं, परत आल्यावर दुसरं बटण दाबायचंच सोडून दिलं. नळ गोठत नाहीत, रॉकेल जळत नाही, आणखी काय पाहिजे. अंगावर दोन स्वेटर, पोटाशी गरम पाण्याची रबरी पिशवी, आणि तंबू. दिवसा ज्येष्ठांच्या हॉलमध्ये जायचं. तिथली फरशी सरकारच्या खर्चानं तापते. सगळ्या म्हाताऱ्या तिथं मांजरासारख्या फरशीला पोट लावून पडलेल्या असतात आणि फुलपत्ते खेळतात, पत्त्यांवर फुलांची चित्रं असतात ते.

सामचोकवालीला तिनं हा डाव सांगितला. बायकांना तिथं माहेरगावावरूनच हाक मारायची रीत. ओकसिम स्वतः उल्जिनवाली.

"घरात बसून 'बाहेर' म्हणतेस?" सामचोकवालीनं पत्ता आपटला. "घरालाच फसवतेस की गं, उल्जिनवाली."

"नवऱ्याला जन्मभर फसवलं, घर काय चीज आहे."

"नवऱ्याला कळत नव्हतं असं तुला वाटतं."

"कळत असलं तर बोलला नाही. घरही बोलणार नाही. टाक पत्ता."

बायका हसल्या. ओकसिमनं तो डाव जिंकला आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून शेवटची भाजलेली रताळी पिशवीत घातली.

घरी आली की ती बूटही पायरीवर ठेवायची नाही. गारठून कडक होतात, सकाळी पाय आत जात नाही. ती ते वर्तमानपत्रात गुंडाळून आत कपाटाखाली सारायची. त्यामुळं बाहेरून बघितलं तर पायरी रिकामी, खिडकी पांढरी, धुराड्याला धूर नाही. घरात माणूस आहे हे सांगणारी एकही खूण बाहेर उरली नाही.

३

दुपारीच त्या दरीत ऊन डोंगराआड जायचं. त्या दिवशी ओकसिम हॉलमधून परतली तेव्हा उजेड होता, पण ऊन नव्हतं. दार सरकवलं, गोधडी बाजूला केली, बूट काढले आणि फरशीवर पाय ठेवला.

फरशी गरम होती.

सगळी नव्हे. बॉयलरच्या बाजूची कोपऱ्यातली जागा. घरात सगळ्यात आधी तापते ती, जिथं वडीलधाऱ्याला बसवतात. तिचा सासरा तिथं बसायचा, मग नवरा, आणि आता कुणी नसल्यामुळं ती. माणूस बराच वेळ बसून उठावा तेवढीच जागा, गोल, गरम.

तिनं डबड्याकडं पाहिलं. 'बाहेर'.

ती मागच्या शेडमध्ये गेली. बॉयलरला हात लावला. गार. धुराड्याच्या तोंडाशी बर्फाची काडी लोंबत होती, सकाळी होती तेवढीच, टोकाला थेंब नाही. बॉयलर पेटला असता तर ती गळून पडली असती. टाकीत काठी घालून पाहिली, रॉकेल होतं तिथंच.

"नळ्यांतलं पाणी असंल," ती स्वतःशी म्हणाली. "कुठंतरी साचून राहिलं असंल."

परत येऊन ती त्या जागेवर बसली. आधी बरं वाटलं. हाडापर्यंत बरं वाटलं. मग तिनं चहाला पाणी ठेवायला उठावं, पाणी उकळेस्तोवर परत यावं, तर जागा गार. नुसती निवली नव्हती, गार पडली होती. कुणीतरी तिला बघून उठून गेल्यासारखी.

नळ्यांतलं पाणी असंच करत असेल. तिला काय माहीत नळ्यांचं. तिनं चहा उभ्यानंच प्याला.

४

तरी तिला चैन पडेना. घरातली ऊब कुठं येते आणि कुठं जाते हे माहीत नसलं तर मग हिवाळ्याशी भांडायचं कशाच्या जोरावर. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नवऱ्याच्या श्राद्धाची उदबत्ती पेटवली आणि फट शोधायला निघाली. उदबत्ती भिंतीच्या कडेनं फिरवायची. जिथं धूर थरथरतो तिथं वारा शिरतो.

खिडकीपाशी धूर सरळ. दारापाशी सरळ. दोन्ही रिकाम्या घरांच्या भिंतींपाशी सरळ, दोरा टांगावा तसा. ओकसिमला स्वतःचा अभिमान वाटला. असं घर बुजवणारी बाई तेबेकात दुसरी नसेल.

मग ती खोलीच्या मधोमध आली आणि धूर वाकला.

तो तंबूकडं वाकला. झिपची बोटभर फट राहिली होती, तिच्यातून आत गेला. ती बघत राहिली. सगळा धूर त्या फटीतून आत. मग थांबला. मग त्याच फटीतून बाहेर आला, तिच्या तोंडावर. मग पुन्हा आत.

आत. बाहेर. आत. तंबूचं कापड जरा फुगत होतं, जरा बसत होतं.

ओकसिमनं कोपऱ्यातला केरसुणीचा दांडा घेतला आणि तंबूला दोन हाणले. धुळीशिवाय काही निघालं नाही. झिप खसकन खाली ओढली. आत तिची गादी, तिची उशी, रात्री निवलेली रबरी पिशवी. तिनं पिशवी उचलली.

पिशवी गरम होती.

"वारा आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "तंबूचं कापड हलकं आहे. वारा आहे."

पण उदबत्तीचा धूर तोवर सरळ झाला होता, आणि पिशवीत वारा पाणी तापवत नाही, हे तिला प्राथमिक शाळेत नसतं शिकवलं तरी कळलं असतं.

सोल्हीला सांगावं असं तिच्या मनात आलं. फोनकडं हातही गेला. मग तिनं सोल्हीचा आवाज आधीच ऐकला: आई, तू कुणाचा तरी श्वास ऐकलास? आई, सामान बांध.

हात परत आला. ज्याचं घर जायचंय त्यानं बोलावं.

५

मग बर्फ पडलं. हॉलकडं जाणारा उतार बुजला, आणि सरपंचबाईनं लाऊडस्पीकरवरून सांगितलं की आज कुणी बाहेर पडू नका, हाडं मोडून घ्याल. ओकसिम जेवून तंबूत शिरली. भर दुपार होती. खिडकीच्या प्लास्टिकमधून पांढरा, फुग्याफुग्यांचा उजेड तंबूवर पडला होता. तिनं झिप वरपर्यंत ओढली आणि गप्प पडून राहिली.

आधी टिक वाजलं.

ते तिच्या ओळखीचं होतं. डबड्याचं बटण दाबलं की असं वाजतं. लगेच मागं शेडमध्ये बॉयलर घुरघुरला आणि तिच्या पाठीखाली फरशी हळूहळू तापायला लागली.

मग पावलं. बूट नव्हे, मोजे. मोज्यातले पाय घासत चालणारं कुणीतरी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेलं. आंबवलेल्या भाजीच्या, किमचीच्या डब्याचं झाकण उघडलं, बंद झालं. पाणी ओतलं. पावलं परत आली, कोपऱ्यातल्या गरम जागेपाशी थांबली, आणि कुणीतरी खाली बसलं. बसताना गुडघा मोडून कण्हलं, "आई गं, मेले."

ओकसिम रोज बसताना असंच कण्हायची. त्याच गुडघ्याला.

तिनं तोंडात गोधडी धरली. खोलीत कुणीतरी सुखानं सुस्कारा टाकत होतं. दिवसभरासाठी बाहेर जाणारी माणसं घरातून निघून गेल्यावर, मागं राहिलेली बाई टाकते तसा.

किती वेळ गेला कोण जाणे. फरशी छान तापली. आणि ओकसिमला, एवढी भ्यालेली असताना, झोप लागली. महिनाभरात लागली नव्हती अशी.

उठली तेव्हा आवाज नव्हता. तिनं झिप ओढली. खोली रिकामी. डबड्यावर 'बाहेर'. शेडमध्ये बॉयलर गार, बर्फाची काडी तिथंच लोंबकळत, टाकीत काठी घातली तर रॉकेल बोटभरही उतरलेलं नाही. पण फरशी गरम होती, आणि ती खोलीत चार पावलं चालली तशी पायाखाली निवत गेली.

दुसरी कुणी असती तर बर्फातून धावत सुटली असती. ओकसिम कोपऱ्यात उभी राहिली आणि हिशेब करायला लागली. नळ फुटत नाही. रॉकेल जळत नाही. ऊब मिळते. त्यासाठी करायचं काय, तर तंबूत शिरायचं, झिप ओढायची आणि आवाज करायचा नाही.

"खा बाई," ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "किमची खा माझी. आंबलीच होती जरा."

मग तिनं ते रोज करायला सुरुवात केली. हॉलमधून आली की तडक तंबूत. खोकला आला तर उशीत दाबायचा. फोन आला तर तेवढ्यापुरतं बाहेर यायचं, ओरडून दोन शब्द बोलायचे, परत आत. "ऊब आहे का गं?" सोल्ही विचारायची. "घाम येतोय," ओकसिम सांगायची. खोटं नव्हतं ते. फक्त बोलताना तोंडातून वाफ निघायची.

तिनं गाल फुगवून ती वाफ बघितली होती. मोठमोठ्यानं बोललं की जास्त निघते. गप्प राहिलं की ऊब पोटात राहते. ती बोलायची कमी झाली.

६

हॉलमध्ये सामचोकवाली तिच्याकडं बघत पत्ते पिसत होती.

"काल जेवायला बसली होतीस का गं? उघडलं नाहीस ते."

"कधी?"

"काल दुपारी. मुळ्याची किमची घेऊन आले होते बर्फातून, माझी कंबर मोडून. दार वाजवलं. आतून म्हणालीस, 'ती बाहेर गेलीय.'"

ओकसिमच्या हातातला पत्ता हातातच राहिला. काल दुपारी ती तंबूत झोपली होती.

"मी म्हटलं, हिला टवाळी सुचतेय," सामचोकवाली म्हणाली. "मी म्हटलं, उघड गं, बाई, बोटं गळतायत. तर परत तेच. 'ती बाहेर गेलीय, आली की सांगते.' इतकं गोड बोललीस की मला वाटलं तापबीप आलाय तुला."

"झोपेत असेन."

"झोपेत माणूस गोड बोलतं?"

"मी बोलते. जागेपणी जमत नाही म्हणून."

बायका हसल्या. सामचोकवाली हसली नाही.

"आणि पायरीवर बूट होते तुझे. स्वच्छ पुसलेले. म्हणून तर मला कळलं तू आत आहेस."

ओकसिमचे बूट काल कपाटाखाली वर्तमानपत्रात होते. तिनं स्वतः गुंडाळले होते. तिच्याकडं बुटांचा दुसरा जोड नव्हता.

"तू बरी आहेस ना?" सामचोकवालीनं आवाज खाली आणला. "सोल्हीचा नंबर आहे माझ्याकडं. तिनंच दिलाय. आईचं काही वेगळं वाटलं तर कळवा, म्हणालीय."

"वेगळं काय वाटायचंय? भिकार पत्ते वाटलेस ते सोडून." ओकसिमनं पत्ता आपटला. चुकीचा आपटला. डाव हरली. रताळं कुणीतरी दुसरीनंच पिशवीत घातलं.

७

घरी येताच तिनं बूट काढले आणि पायरीवर ठेवले, भर पायरीवर, रस्त्यानं जाणाऱ्याला दिसतील असे. आत येऊन अंगठ्यानं 'घरात' दाबलं.

टिक वाजलं. 'घरात'चा दिवा लागला. बॉयलर उठला नाही. ती बघत असतानाच दिवा सरकला आणि 'बाहेर'वर जाऊन बसला.

पुन्हा दाबलं. पुन्हा सरकला.

"मी घरात आहे," ती डबड्याला म्हणाली. मग खोलीला म्हणाली. मग दोन्ही रिकाम्या घरांच्या भिंतींना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी आहे की घरात. आंधळी झालीस का गं? हे बघ, उभी आहे मी."

खोलीतला गारठा वाढला. पायाखालून चढत गुडघ्यापर्यंत आला. दात वाजायला लागले. पाणी तापवून पोटाशी धरावं म्हणून तिनं रबरी पिशवी शोधली, ती तंबूत होती. तंबूत शिरायचं नाही असं तिनं ठरवलं आणि गोधडी पांघरून कोपऱ्यात बसली. फरशी दगडासारखी. बसताना कण्हायचं होतं, पण कण्हणं आलंच नाही. कुणीतरी ते आधीच वापरून संपवलं होतं.

सकाळी तिनं दार सरकवलं. बूट पायरीवर होते. पुसलेले होते, आणि त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला वळवून ठेवली होती. पाहुणा निघायला उठला की घरचं माणूस आधी जाऊन त्याचे बूट असे वळवून ठेवतं, म्हणजे त्याला पाय घातला की चालू पडता येतं.

८

ओकसिम निघाली नाही. आपल्याच घरातून कुणी हाकलावं आणि तिनं जावं, असं तिच्या सासूलाही जमलं नव्हतं.

तिनं ठरवलं, बघायचं. एकदा डोळ्यांनी बघायचं आणि हातानं धरायचं. मागच्या शेडमध्ये कोळशाच्या विटा उचलायचा जुना लोखंडी चिमटा होता, खाणीच्या दिवसांतला. तो घेतला. दुपारचं जेवण केलं. फोन कपाटावर उभा ठेवला, नेहमीच्या जागी. बूट गुंडाळून आत सारले, रोजच्यासारखे. मग तंबूत शिरली, झिप ओढली, पण वरपर्यंत नाही. बोटभर फट ठेवली आणि फटीला डोळा लावला.

बाहेर उजेड होता. डोंगराआडचा, राखेच्या रंगाचा. फटीतून दिसत होतं एवढंच: फरशीची एक पट्टी, कपाटाचा पाय, आणि कोपऱ्यातल्या गरम जागेची कड.

टिक वाजलं. बॉयलर घुरघुरला.

फरशी तापली. तिच्या हाडांना ती ऊब कळली आणि डोळे जड व्हायला लागले. तिनं चिमट्याचा गार दांडा गालाला लावला. झोपायचं नाही.

मोजे घासत आले. फटीसमोरून एक पाय गेला. मग दुसरा. करड्या लोकरीचे मोजे, डाव्या टाचेला तांबड्या दोऱ्याचं रफू. तांबडा दोरा तेवढाच घरात होता म्हणून तिनं गेल्या महिन्यात त्याच दोऱ्यानं रफू केलं होतं. तिनं हळूच आपला डावा पाय पोटाशी ओढला आणि अंधारात टाचेवरून बोट फिरवलं. रफू होतं. तिच्या पायातच होतं.

पाय कोपऱ्यापाशी गेले. "आई गं, मेले." बसलं कुणीतरी.

आता, ओकसिम म्हणाली. मनात. हात झिपवर गेला.

आणि कपाटावर फोन वाजला.

कोपऱ्यातलं माणूस उठलं. घाई नव्हती त्याला. मोजे कपाटापाशी आले, थांबले. फोन उचलला गेला आणि सोल्हीचा आवाज खोलीभर झाला.

"आई? ऐकू येतंय?"

"येतंय गं, पिल्ला."

ओकसिमचा आवाज होता. पण ओकसिमनं सोल्हीला पिल्लू कधी म्हटलं नव्हतं. म्हणावंसं वाटायचं, तेव्हा तोंडातून दुसरंच काहीतरी निघायचं.

पलीकडं सोल्ही हसली. लहान असताना, बाप खाणीतून काळा होऊन आला की हसायची तशी. ते हसणं ओकसिमनं इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. तिला वाटलं होतं ते संपलं.

"बरी आहेस ना? सामचोकच्या काकूंचा फोन होता. म्हणाल्या, आई जरा वेगळी वागतेय."

"तिला पत्त्यात हरवलं म्हणून चिडलीय ती. मी बरी आहे. फरशी छान तापलीय. तू जेवलीस का?"

"जेवले. आई, तू मला जेवलीस का विचारलंस."

"आता विचारत जाईन."

ओकसिमनं तोंड उघडलं. ती मी नाही गं, असं म्हणायचं होतं. सोल्ही, ती मी नाही, मी इथं आहे, तंबूत. एवढंच म्हणायचं होतं. आणि मग सोल्ही काय म्हणेल तेही तिला माहीत होतं. उद्याच गाडी येईल. दाराला कुलूप लागेल. तिकडं तापती फरशी आहे सगळीकडं.

तिनं तोंड मिटलं.

"आई, मी हरले बरं का," सोल्ही म्हणत होती. "थंडी सरत आली, नळ फुटला नाही, तू पडली नाहीस. आता नाव काढणार नाही वृद्धाश्रमाचं. घर तुझं. राहा सुखानं. आणि यंदा चांद्र नव्या वर्षाला आम्हीच येतो तिकडं. चालेल?"

"या. घर उबदार आहे."

ओकसिम जिंकली होती. अंधारात, गुडघे पोटाशी घेऊन, गोधडीचं टोक तोंडात धरून ती जिंकली होती. छातीतून काहीतरी वर आलं. तिनं उशी शोधली, पण उशी सापडेपर्यंत उशीर झाला. ती खोकली. चिमटा मांडीवरून घसरला आणि फरशीवर वाजला.

"काय वाजलं गं?" सोल्ही म्हणाली. "कोण खोकलं? आई, कोण आहे तिथं?"

फटीतून तिला करडे मोजे दिसत होते. ते वळले. तंबूकडं तोंड करून उभे राहिले. मग जवळ आले, इतके जवळ की त्यांची लोकर फटीला लागली, आणि उजेड गेला.

"कुणी नाही गं," तिचा आवाज म्हणाला, वरून, मायेनं. "मी एकटीच असते."

आणि राहिलेली बोटभर झिप बाहेरून कुणीतरी हळूच वर ओढून घेतली. ऊब जाऊ नये म्हणून ओढतात, तशी.